मूळ संख्या आणि संभाव्यता : प्रकल्प नोंदी, मार्च ते मे २०२४

४ मार्च

काम असं: मूळ संख्यांबद्दलची जी प्रमेयं संभाव्यतेच्या वाटेने सिद्ध होतात ती एका संग्रहात पूर्ण सिद्धतेसह लिहायची आणि प्रत्येकाशेजारी १० लाखांपर्यंतची प्रत्यक्ष मोजणी ठेवायची. मोजणी सिद्धतेची जागा घेत नाही. पण सिद्धतेत "नगण्य" म्हणून सोडलेली त्रुटी प्रत्यक्षात केवढी आहे, ते मोजल्याशिवाय दिसत नाही.

संख्या मूळ असते किंवा नसते, त्यात योगायोग काही नाही. यादृच्छिकता येते ती आपण संख्या कशी निवडतो त्यातून. म्हणून प्रत्येक सिद्धतेच्या पहिल्या ओळीत निवडीचा नियम लिहायचा. दुसरी अट अशी, की "स्वतंत्र" हा शब्द वापरला की त्या घटना नेमक्या स्वतंत्र आहेत याचं कारण द्यायचं, नाहीतर स्वातंत्र्य किती बिघडलंय त्याचा आकडा द्यायचा. या विषयातल्या बहुतेक चुकीच्या सिद्धता याच शब्दावर पडतात.

खुणा: क्ष ही मर्यादा, म ही निवडलेली संख्या, प आणि फ मूळ संख्या. ओमेगा(म) म्हणजे म ला भागणाऱ्या वेगवेगळ्या मूळ संख्या किती ते; ओमेगा(१२) = २. लॉग सगळीकडे नैसर्गिक. १० पायाचा लॉग चुकून वापरला, तर १० लाखांसाठी लॉग लॉग क्ष २.६२६ ऐवजी ०.७८ येतो आणि पुढचं सगळं कोलमडतं.

६ मार्च

सगळ्या धन पूर्णांकांतून "समान संधीने एक निवडा" असं म्हणता येत नाही. तशी संभाव्यता असती आणि प्रत्येक धन पूर्णांक ड साठी "ड ने म ला भाग जातो" याची संधी १/ड असती, तर वेगवेगळ्या प च्या घटना स्वतंत्र ठरल्या असत्या. १/प ची बेरीज अपसारी (अमर्याद वाढणारी) असल्याने बोरेल–कँटेलीच्या दुसऱ्या लेमानुसार (स्वतंत्र घटनांच्या संधींची बेरीज अमर्याद असेल तर त्यांतल्या अनंत घटना घडतातच) जवळजवळ प्रत्येक म ला अनंत मूळ संख्यांनी भाग गेला असता. असा धन पूर्णांकच नाही.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे १ ते क्ष मधून समान संधीने निवडणं, जिथे स्वातंत्र्य फक्त अंदाजे मिळतं. दुसरा म्हणजे झीटा वितरण: स > १ घ्या आणि म निवडला जाण्याची संधी "१ भागिले म चा स-वा घात, भागिले झीटा(स)" ठेवा; झीटा(स) म्हणजे सगळ्या म साठी १/(म चा स-वा घात) यांची बेरीज. इथे "प ने भाग जातो" याची संधी नेमकी १/(प चा स-वा घात) येते आणि सगळ्या प साठी या घटना काटेकोरपणे स्वतंत्र असतात. अंदाज कुठेच नाही.

यातून मूळ संख्या अनंत असल्याची सिद्धता तीन ओळींत बसते. म = १ असणं म्हणजे एकाही मूळ संख्येने भाग न जाणं, म्हणून १/झीटा(स) हा (१ − १/प चा स-वा घात) या सगळ्यांचा गुणाकार. आता स खाली १ कडे न्या. झीटा(स) अमर्याद वाढतो, डावी बाजू ० कडे जाते. मूळ संख्या मोजक्याच असत्या तर उजवी बाजू (१ − १/प) यांच्या सांत गुणाकारावर, म्हणजे शून्याहून मोठ्या संख्येवर थांबली असती. विसंगती. शिवाय अनंत गुणाकार ० होतो म्हणजेच १/प ची बेरीज अपसारी आहे, हेही हाती आलं.

एक सावधगिरी: स = १ थेट ठेवायचं नाही. त्या ठिकाणी वितरणच उरत नाही. सगळे निष्कर्ष स > १ साठी काढायचे आणि मग सीमा घ्यायची.

११ मार्च

१ ते क्ष या पट्ट्यात स्वातंत्र्य गृहीत धरलं तर काय बिघडतं, याची मोजणी. क्ष पर्यंतची संख्या मूळ असण्यासाठी तिला √क्ष पर्यंतच्या कोणत्याही मूळ संख्येने भाग जाता कामा नये. घटना स्वतंत्र धरल्या तर संधी येते √क्ष पर्यंतच्या (१ − १/प) यांचा गुणाकार. मेर्टेन्स यांच्या १८७४ च्या प्रमेयानुसार हा गुणाकार साधारण १.१२२९/लॉग क्ष. मूळ संख्या प्रमेय सांगतं १/लॉग क्ष. म्हणजे अंदाज शेवटी सुमारे १२.३ टक्के जास्त येतो, आणि क्ष कितीही वाढवला तरी ही तफावत मिटत नाही.

१० लाखांवर तपासलं: १,००० पर्यंतच्या १६८ मूळ संख्यांचा गुणाकार सुमारे ०.०८१, म्हणजे ८१,००० संख्या उराव्यात. प्रत्यक्षात उरतात ७८,३३१ (७८,४९८ मूळ संख्यांतून १६८ वजा, अधिक १ ही संख्या). तफावत जेमतेम साडेतीन टक्के. हा आकडा बघून "अंदाज बरा आहे" असं वाटणं हाच सापळा. १० लाखांवर क्ष/लॉग क्ष स्वतःच सुमारे ८ टक्के कमी पडतो, आणि दोन चुका एकमेकींना झाकतात.

बिघाड मोठ्या प मुळे होतो. प चा गट क्ष च्या एखाद्या अगदी लहान घातापर्यंतच घेतला तर गुणाकार बरोबर उत्तर देतो. म्हणून पुढच्या प्रत्येक सिद्धतेत छाटणीची मर्यादा य आधी ठरवायची: य पर्यंतच्या मूळ संख्या संभाव्यतेने हाताळायच्या, य च्या पुढच्यांना वेगळी, साधी मर्यादा लावायची.

१८ मार्च

हार्डी–रामानुजन प्रमेय (१९१७): बहुतेक सगळ्या म साठी ओमेगा(म) हा लॉग लॉग क्ष च्या जवळ असतो. मूळ सिद्धता लांब आहे. तुरान यांनी १९३४ मध्ये दिलेली सिद्धता म्हणजे सरासरी, प्रचरण (सरासरीपासूनच्या फरकाच्या वर्गाची सरासरी) आणि चेबिशेवची असमता (प्रचरण लहान तर सरासरीपासून दूर पडण्याची संधीही लहान), एवढंच. तीच लिहायला घेतली.

निवड: १ ते क्ष मधून समान संधीने म. प ने म ला भाग गेला तर चल(प) = १, नाहीतर ०. ओमेगा(म) ही या चलांची बेरीज.

सरासरी: चल(प) ची सरासरी म्हणजे क्ष/प चा पूर्णांक भाग भागिले क्ष. ती १/प पेक्षा जास्त नाही आणि १/प − १/क्ष पेक्षा कमी नाही. सगळे प मिळून त्रुटी फार तर (क्ष पर्यंतच्या मूळ संख्या)/क्ष. मेर्टेन्स यांच्यानुसार १/प ची बेरीज लॉग लॉग क्ष + ०.२६१५ च्या जवळ जाते.

सहप्रचरण (दोन चलांच्या गुणाकाराची सरासरी वजा त्यांच्या सरासऱ्यांचा गुणाकार): प आणि फ वेगळे असतील तर दोघांनी भाग जाण्याची संधी १/(प×फ) पेक्षा जास्त नाही. दोन्ही सरासऱ्यांची खालची मर्यादा वापरली की सहप्रचरण फार तर (१/प + १/फ)/क्ष येतं. सगळ्या जोड्यांची बेरीज २ × (मूळ संख्यांची संख्या) × (१/प ची बेरीज) / क्ष, आणि ही ० कडे जाते. फक्त वरची मर्यादा हवी असल्याने इथे छाटणीचीही गरज पडत नाही. हे सौंदर्य सिद्धतेत मुद्दाम ठळक लिहिलं. खालची मर्यादा मागायला गेलं की जोडीमागे १/क्ष एवढी त्रुटी जमते आणि जोड्या इतक्या असतात की बेरीज हाताबाहेर जाते.

निष्कर्ष: प्रचरण लॉग लॉग क्ष + स्थिरांक यापेक्षा जास्त नाही. चेबिशेवनुसार ओमेगा(म) लॉग लॉग क्ष पासून क × √(लॉग लॉग क्ष) पेक्षा दूर असण्याची संधी १/(क चा वर्ग) च्या आसपास किंवा त्याहून कमी. झाली सिद्धता.

२० मार्च

मोजणीची पद्धत: १०,००,००१ घरांची यादी, प्रत्येक घरात एक बाइट, सुरुवातीला सगळीकडे ०. २ पासून पुढे जायचं. घरात ० असेल तर ती संख्या मूळ, मग तिच्या सगळ्या पटींच्या घरात १ मिळवायचा (ती संख्या धरून). एराटोस्थेनिसच्या चाळणीत √क्ष नंतर थांबता येतं, इथे थांबायचं नाही. मोठ्या मूळ संख्याही मोजायच्या आहेत. वर्गापासून सुरुवात करण्याची सवयीची काटछाटही इथे चालत नाही.

निकाल, ओमेगा ० ते ७ साठी क्रमाने: १, ७८,७३४, २,८८,७२६, ३,७९,७२०, २,०८,०३४, ४२,४९२, २,२८५, ८. बेरीज १०,००,०००, बरोबर. दुसरा ताळा: ओमेगा = १ मध्ये ७८,४९८ मूळ संख्या आणि त्यांचे २३६ उच्च घात असायला हवेत; ते जुळतं. ७ वेगवेगळ्या मूळ संख्यांची पहिली संख्या ५,१०,५१०.

एकूण बेरीज २८,५३,७०८, म्हणजे सरासरी २.८५३७. १/प ची बेरीज २.८८७३. फरक ०.०३३६, आणि सिद्धतेतली परवानगी होती ०.०७८५. ठीक.

प्रचरण मात्र ०.९८१. सिद्धतेने दिलेली वरची मर्यादा २.८९ च्या आसपास होती (२.४३५ चलांचं स्वतःचं, ०.४५३ सहप्रचरणाची मर्यादा). मर्यादा मोडलेली नाही, पण एक तृतीयांश हे प्रमाण असंच सोडून देता येणार नाही.

२१ मार्च

कारण जोड्यांत आहे. प×फ > क्ष असेल तर १ ते क्ष मधल्या एकाही संख्येला दोघांनी भाग जात नाही, त्यामुळे सहप्रचरण जवळपास −१/(प×फ). अशा सगळ्या जोड्यांची बेरीज करायची तर प = क्ष चा उ-वा घात, फ = क्ष चा व-वा घात असं लिहा. मेर्टेन्सनुसार १/प ची बेरीज उ वर "१/उ" या वजनाने पसरते. बेरीज होते १/(उ×व) चं संकलन, उ आणि व दोन्ही १ पर्यंत आणि उ + व > १ या भागावर. त्याचं मूल्य नेमकं पायचा वर्ग भागिले ६, म्हणजे १.६४५.

म्हणजे प्रचरण साधारण लॉग लॉग क्ष + ०.२६१५ − ०.४५२२ − १.६४४९, अर्थात लॉग लॉग क्ष − १.८३५७. यातला ०.४५२२ हा १/(प चा वर्ग) यांची बेरीज. १० लाखांसाठी ०.७९ येतं, प्रत्यक्ष ०.९८, उरलेला फरक १/लॉग क्ष च्या पातळीवरचा. ११ तारखेच्या १.१२२९ मागे आणि या १.६४५ मागे एकच गोष्ट आहे: मोठ्या मूळ संख्या एकमेकींना जागा देत नाहीत. छोट्या मूळ संख्यांचं स्वातंत्र्य खरं आहे, मोठ्यांचं नाही.

२ एप्रिल

एर्डश–काट्स प्रमेय (१९४०): (ओमेगा(म) − लॉग लॉग क्ष)/√(लॉग लॉग क्ष) याचं वितरण प्रसामान्य (घंटेच्या आकाराच्या) वितरणाकडे जातं. आघूर्णांच्या (चलाच्या घातांच्या सरासऱ्यांच्या) वाटेने लिहिलं. पायऱ्या:

छाटणी य = क्ष चा (१/लॉग लॉग क्ष)-वा घात. य ते क्ष मधल्या मूळ संख्यांसाठी १/प ची बेरीज सुमारे लॉग लॉग लॉग क्ष. √(लॉग लॉग क्ष) ने भागल्यावर ती ० कडे जाते, म्हणून हा तुकडा सीमेत बाद. छाटणी याहून खाली नेली, समजा लॉग क्ष पर्यंत, तर य पुढची बेरीज लॉग लॉग क्ष एवढीच मोठी होऊन जाते आणि प्रमेय हातातून निसटतं.

मग य पर्यंतच्या प्रत्येक प साठी खरोखर स्वतंत्र असे आदर्श चल घ्यायचे, जे १/प संधीने १ असतात. वेगवेगळ्या मूळ संख्यांच्या कोणत्याही गटासाठी खऱ्या आणि आदर्श गुणाकाराच्या सरासरीत फरक फार तर १/क्ष. क-व्या आघूर्णात असे पदसमूह फार तर य चा क-वा घात इतके, आणि य चा कोणताही ठरलेला घात क्ष पुढे नगण्य. म्हणून सगळी आघूर्णं जुळतात. आदर्श चल मर्यादित आहेत आणि त्यांचं प्रचरण अनंताकडे जातं, त्यामुळे केंद्रीय सीमा प्रमेय (अनेक स्वतंत्र चलांची बेरीज प्रसामान्य वितरणाकडे जाते) लागू होतं. प्रसामान्य वितरण त्याच्या आघूर्णांवरून एकमेव ठरतं, म्हणून काम पूर्ण. मूळ संख्यांबद्दल यात मेर्टेन्सपलीकडे काहीच लागलं नाही. मूळ संख्या प्रमेयसुद्धा नाही.

आलेखावर हे दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये. १० लाखांवर एका प्रमाण विचलनाच्या आत (१.०१ ते ४.२५) येतात ओमेगा २, ३, ४ असलेल्या ८,७६,४८० संख्या, म्हणजे ८७.६ टक्के, प्रसामान्य वितरण सांगतं ६८.३. रेन्यी आणि तुरान यांनी १९५८ मध्ये दाखवलं की त्रुटी १/√(लॉग लॉग क्ष) या दराने जाते, आणि १० लाखांवर हा दर ०.६२ आहे. शंभर शून्यांच्या संख्येपर्यंत गेलं तरी लॉग लॉग क्ष ५.४ वरच पोचतो. मोठा संगणक लावून ही दरी भरत नाही.

९ एप्रिल

हार्डी–रामानुजनचा एक सुंदर उपयोग: न × न च्या पाढ्यांच्या तक्त्यात वेगवेगळे गुणाकार किती? एर्डश यांनी १९५५ मध्ये सिद्ध केलं की न च्या वर्गाशी त्यांचं प्रमाण ० कडे जातं. कारण असं: न पर्यंतच्या बहुतेक दोन संख्यांचा गुणाकार घेतला तर त्यात सुमारे २ × लॉग लॉग न मूळ अवयव येतात. पण न च्या वर्गापर्यंतच्या बहुतेक संख्यांत लॉग लॉग न + ०.६९ एवढेच असतात. १.५ × लॉग लॉग न वर रेघ मारा. रेघेवरच्या संख्याच मुळात विरळ, आणि रेघेखालचे गुणाकार देणाऱ्या जोड्या विरळ.

इथे अवयव पुनरावृत्तीसह मोजावे लागतात, नाहीतर दोन संख्यांचे अवयव थेट बेरजेत येत नाहीत. पुनरावृत्तीमुळे वाढणारी सरासरी १/(प(प−१)) यांच्या बेरजेएवढी, सुमारे ०.७७३, म्हणजे मर्यादित. तुरानचा युक्तिवाद तसाच चालतो.

मोजणी: १० साठी ४२, १०० साठी २,९०६, १,००० साठी २,४८,०८३. अ×ब आणि ब×अ एकच म्हणून जास्तीत जास्त ५,००,५०० शक्य होते. त्याच्याही निम्मे भरत नाहीत.

१६ एप्रिल

क्रामेर यांचं १९३६ चं प्रतिमान: ३ पासूनची प्रत्येक संख्या १/लॉग संधीने, स्वतंत्रपणे "मूळ" ठरवा. याला संग्रहात सिद्धता म्हणून जागा नाही, अटकळींचं साधन म्हणून वेगळा विभाग दिला.

प्रतिमान कुठे चुकतं ते आकड्यांत: त्याच्यानुसार लगतच्या दोन मूळ संख्याही अनंत वेळा सापडाव्यात, कारण सम–विषम त्याला ठाऊक नाही. जुळ्या (२ चं अंतर असलेल्या) मूळ संख्यांसाठी १० लाखांपर्यंत ते सुमारे ६,२५० जोड्या सांगतं. प्रत्येक प साठी "दोघींना भाग न जाण्याची" खरी संधी घालून दुरुस्ती केली की १.३२०३ हा गुणक येतो आणि अंदाज ८,२४८ होतो. प्रत्यक्षात ८,१६९.

ही दुरुस्तीही सगळीकडे पुरत नाही. मायर यांनी १९८५ मध्ये सिद्ध केलं की क्ष पासून (लॉग क्ष) च्या कोणत्याही ठरलेल्या, १ पेक्षा मोठ्या घाताएवढ्या पट्ट्यात मूळ संख्यांची संख्या अपेक्षेशी जुळतेच असं नाही. अनंत ठिकाणी ती ठरावीक प्रमाणात जास्त, अनंत ठिकाणी ठरावीक प्रमाणात कमी. कारण पुन्हा ११ मार्चचंच: एवढ्या आखूड पट्ट्यात छोट्या मूळ संख्यांच्या चाळणीतून उरणाऱ्या संख्या (१ − १/प) च्या गुणाकाराप्रमाणे नसतात. तो गुणक बुखश्टाब यांच्या (चाळणीनंतर किती संख्या उरतात ते सांगणाऱ्या) फलनानुसार १ च्या वरखाली होत राहतो.

६ मे

शेवटचा विभाग: मूळ संख्यांमधली मोठी अंतरं. प्रश्न असा मांडायचा: १३ पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येला एकेक शेषवर्ग (तिने भागल्यावर ठरावीक बाकी उरणाऱ्या संख्यांचा गट) निवडून द्या; सलग किती संख्या झाकता येतील, म्हणजे निदान एका निवडलेल्या वर्गात येतील? चिनी शेष प्रमेय हा नमुना खऱ्या संख्यांवर नेऊन ठेवतं.

सगळ्यांना ० वर्ग दिला तर ३०,०३२ ते ३०,०४६ अशा १५ संख्या झाकल्या जातात. सर्वोत्तम निवड २१ झाकते, जशी ९,४४० ते ९,४६०. सम संख्या २ कडे. उरलेल्या १० विषमांपैकी ३ कडे ९४४१, ९४४७, ९४५३, ९४५९. ५ कडे ९४४५, ९४५५. ७ कडे ९४४३, ९४५७. ११ कडे ९४४९. १३ कडे ९४५१. एकही विषम संख्या दोनदा झाकलेली नाही. दोन्ही टोकांच्या ९,४३९ आणि ९,४६१ मूळ आहेत.

आता यादृच्छिक निवड: त्या १० विषमांवर ३, ५, ७, ११, १३ चे वर्ग सोडतीने काढले तर सरासरी १० × ०.३८३६, म्हणजे ३.८ उघड्या राहतात. फक्त ३, ५, ७ सोडतीने काढले तर सरासरी ४.५७ उरतात, म्हणून ४ किंवा त्याहून कमी उरवणारी निवड नक्की आहे. मग ११ आणि १३ ना मुद्दाम उरलेल्यांतली एकेक दिली की राहतात फार तर २. मोठ्या मूळ संख्येला सोडतीवर सोडणं म्हणजे ती वाया घालवणं: या पट्ट्यात ती एकच विषम संख्या झाकू शकते, आणि सोडतीत ती बहुधा आधीच झाकलेल्या जागी पडते.

९ मे

रँकिन यांनी १९३८ मध्ये मोठ्या अंतरांसाठी दिलेल्या मर्यादेत हीच विभागणी आहे: मोठ्या प्रत्येक मूळ संख्येने उरलेल्यांतली किमान एक झाकायची. फोर्ड, ग्रीन, कोन्यागिन, मेनार्ड आणि ताओ यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निकालात मोठी मूळ संख्या सरासरीने अनेक उरलेल्या संख्या झाकते. मधल्या गटाला ० वर्ग दिल्यावर पट्ट्यात मुख्यतः मूळ संख्याच उरतात. लहान गटातल्या मूळ संख्यांचे वर्ग सोडतीने. मग मोठ्या प्रत्येकीसाठी वर्गांवर असं वितरण घेतात की निवडलेल्या वर्गात उरलेल्या मूळ संख्यांची दाटी असावी. हे वितरण मेनार्ड यांच्या चाळणी-वजनांतून मिळतं. शेवटी टप्प्याटप्प्याने यादृच्छिक निवड करत झाकणं एकमेकांवर फार चढू न देता सगळं भरतात. प्रत्येक टप्प्यात सरासरी पुरत नाही, दुसरं आघूर्णही मोजावं लागतं, म्हणजे तुरानचंच हत्यार.

फळ: क्ष पर्यंत कुठेतरी लॉग क्ष × लॉग लॉग क्ष × लॉग लॉग लॉग लॉग क्ष / लॉग लॉग लॉग क्ष याच्या एखाद्या स्थिर पटीएवढं अंतर असतंच. रँकिन यांच्याकडे भाजकाचा वर्ग होता. क्रामेरचं प्रतिमान (लॉग क्ष) च्या वर्गाएवढं अंतर सांगतं. तिथपर्यंत सिद्धता पोचलेली नाही. संग्रहात हा विभाग आराखडा म्हणूनच ठेवला. मेनार्ड वजनांची सिद्धता पूर्ण लिहायची तर आधी बॉम्बिएरी–विनोग्रादोव प्रमेय (मूळ संख्या शेषवर्गांत सरासरीने सारख्या वाटल्या जातात, असं सांगणारं) लागेल. पुढचं काम तिथून.